ढाळवाले अण्णा

अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी हात धुवायला जातात. जेवायचं असो वा नसो. आतून नळाचा आवाज येतो, मग बराच वेळ कसलाच आवाज येत नाही आणि बाहेर यजमान अस्वस्थ होतात. शेवटी अण्णा रुमालाला हात पुसत येतात, खुर्चीत बसतात आणि एक्स-रे बघून आलेल्या डॉक्टरच्या सुरात सांगतात, "तुमच्याकडे खिडकीखालच्या कोपऱ्यात पाणी थांबतंय." चहा त्यानंतर.

त्यांच्या खिशात काचेची एक गोटी असते. नातवासाठी असावी असा माझा बरेच दिवस समज होता. ती असते ढाळ बघायला. फरशीवर सोडायची, ती कुठे जाते ते बघायचं आणि पाणी तिकडे का जात नाही याचा जाब घरमालकाला विचारायचा.

सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेली ही जात. ही माणसं फक्त पगारातून निवृत्त होतात. साताऱ्यात असताना कुणी रस्ता खणला, की मागे हात बांधून अण्णा खड्ड्याच्या काठावर हजर. खणणाऱ्यालाही ते साहेबच वाटायचे, त्यामुळे कुणी हटकलं नाही. आता धाकटा मुलगा लंडनच्या वायव्येला हॅरोत असल्यामुळे सहा महिने तिकडची हद्द त्यांच्याकडे असते.

हॅरोतली बरीच घरं दोन महायुद्धांच्या मधली. मुलाचंही १९३०च्या सुमाराचं. बाहेरून विटांचं, भक्कम. पण वरचा मजला म्हणजे सोळा-सोळा इंचांवर टाकलेल्या लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या आणि खालून कामट्यांवर थापलेला गिलावा. हे कळल्यावर अण्णांनी पहिल्या रात्री मुलाला उठवलं. "म्हणजे आपण फळीवर झोपलोय?" पुढे आठवडाभर ते वरच्या मजल्यावर भिंतीच्या कडेकडेनं चालत होते. तुळईच्या मध्यावर भार नको म्हणून. गोटीही बिचारी गोंधळली. बेडरूमच्या दारात सोडलेली कपाटाखाली गेली, ती सूनबाईंनी झाडूनं काढून दिली. नव्वद वर्षांत लाकूड थोडं बसतंच. पण अण्णांनी त्याचा ठपका कंत्राटदारावर ठेवला. तो हयात नसणार, हा मुद्दा त्यांना मान्य नव्हता.

आपल्याकडे न्हाणीघराची जमीन ओली व्हायलाच असते. इंग्रजांची कोरडी राहायला. पाणी काय ते टबात. बाहेर सांडलंच तर पुसायचं. जमिनीला भोकच नाही, आणि जुन्या घरांतून तर न्हाणीघरात चक्क गालिचा. मराठी माणूस या देशात आला की पहिल्या आठवड्यात टबात बादली ठेवतो आणि वर एक प्लास्टिकचा मग. काकूंची तशीच सवय. पण त्यांचे दोन्ही गुडघे बदलले आणि टबाची दीड फूट उंच कड त्यांना गडाच्या तटासारखी झाली. मुलानं ठरवलं, टब काढायचा आणि दारापासून नळापर्यंत एकसलग सपाट न्हाणी करायची. मध्ये पायरी नाही, कठडा नाही, काही नाही.

"उंबरा?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"लाकडावर?"

"हो."

अण्णा त्या दिवशी जेवणात बोलले नाहीत.

त्यांचा हिशेब सरळ होता. साताऱ्याला न्हाणीघराचा स्लॅबच खाली टाकलेला असतो, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, कडेला गोलाई, मग तीन दिवस पाणी भरून ठेवायचं, आणि खालच्या मजल्यावरच्या माणसानं तक्रार केली नाही तर फरशी. त्यांनी कोबाच सुचवला. मग स्वतःच कागद घेऊन मांडलं. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलो. घरातल्या अशा मजल्यावर माणसं आणि सामानसुमान मिळून धरतात ते चौरस मीटरला दीडशे. अण्णांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. वजन सोडलं तरी लाकूड ओलाव्यानं फुगतं, सुकलं की आक्रसतं, पावलागणिक हलतं. त्यावर कोबा टिकला नसताच. या देशात लाकडावर जे जे थर देतात ते हलणाऱ्या जमिनीबरोबर थोडं हलू शकणारे असतात, ते उगाच नाही. हे माझं मत. अण्णांसमोर मी ते मांडलेलं नाही.

मग मिस्त्री आला. एकटाच. सुतार तोच, प्लंबर तोच, फरशी बसवणारा तोच. अण्णांना ही व्यवस्था बिलकुल पटली नाही. "मग गळलं तर हे एकमेकांकडे बोट कसं दाखवणार?"

अण्णांचं इंग्रजी निविदांमधून आलेलं. पहिल्याच सकाळी त्यांनी मिस्त्रीला समज दिली की सर्व काम 'ॲज डिरेक्टेड बाय द एंजिनिअर-इन-चार्ज' व्हायला हवं. मिस्त्रीनं एंजिनिअर कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. अण्णा खुर्ची घेऊन दारातच बसले होते.

फळ्या निघाल्या, तुळया उघड्या पडल्या. सांडपाण्याचा पाइप तुळयांना आडवा न्यायचा तर त्या कापाव्या लागणार. अण्णा पुढे सरसावले. आता हा छिन्नी मारणार, अशी त्यांची तीस-पस्तीस वर्षांची खात्री होती. मिस्त्रीनं मान हलवली. भोक पाडायचं तर तुळईच्या खोलीच्या बरोबर मधोमध आणि खोलीच्या पावपटीहून मोठं नाही. खाच घ्यायची तर वरून, आठव्या हिश्शापेक्षा खोल नाही, आणि तीही ठरलेल्या पट्ट्यातच. एवढा जाड पाइप त्यात बसत नाही, म्हणून तो त्यानं दोन तुळयांच्या मधून, त्यांना समांतर नेला. मीटरला वीसेक मिलिमीटर ढाळ देऊन.

अण्णा उठून उभे राहिले. "न्यूट्रल ॲक्सिस!" ते ओरडले. मिस्त्रीला हा शब्द ठाऊक नव्हता, त्याला नुसता नियम ठाऊक होता. अण्णांनी नातवाचा कॉर्नफ्लेक्सचा खोका फाडून त्याच्या पाठीवर तुळई काढली: वर दाब, खाली ताण, मधोमध दोन्ही शून्य. मिस्त्री चहा पीत ऐकत राहिला आणि जाताना तो पुठ्ठा घेऊन गेला. अख्ख्या खात्यात अण्णांचं व्याख्यान असं कुणी घरी नेलेलं नव्हतं.

ढाळाच्या बाबतीत मात्र त्यांना धक्का बसला. तुळयांच्या मध्ये आडवे ठोकळे मारून मिस्त्रीनं त्यावर एक भलीमोठी पाटी बसवली. तिला चारी बाजूंनी जाळीकडे उतार कारखान्यातूनच आलेला. ज्या ढाळासाठी अण्णांनी गवंड्यांच्या पिढ्या रडवल्या, तो खोक्यातून आयता निघाला. त्यांनी गोटी काढली. चारही कोपऱ्यांतून सोडली, चारही वेळा ती जाळीवर येऊन थांबली. अण्णांनी गोटी पुसली आणि पुन्हा सोडली.

पुढे सांध्यांवर पट्ट्या चिकटल्या, जमिनीवर आणि भिंतींवर रबरासारख्या लेपाचे दोन हात झाले, लेप वाळला. फरशीची खोकी उघडणार तोच अण्णांनी हात आडवा केला. पाणी भरायचं.

मिस्त्री म्हणाला, लाकडावर? अण्णांनी तोंडीच गणित सांगितलं: दीड चौरस मीटर, एक इंच पाणी, चाळीस किलोही नाही, काकूंच्या वजनापेक्षा कमी. काकूंनी आतून "अहो!" म्हटलं. पण खरी अडचण वेगळीच होती. पाणी अडवायला उंबराच नव्हता. भराल ते दारातून जिन्यावर जाणार.

अण्णा स्वयंपाकघरात गेले आणि परातीतला कणकेचा गोळा घेऊन आले.

नोकरीत अण्णांची एकच इच्छा अपुरी राहिली होती, पाटबंधारे खात्यात जायची. उभी हयात पूल आणि विश्रामगृहं यांतच गेली. त्या दुपारी त्यांनी दाराशी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कणकेचा मातीकामासारखा बांध घातला: पायथा रुंद, माथा अरुंद, पाण्याकडची बाजू थापून गुळगुळीत. जाळीचं भोक बंद करून पाणी सोडलं. काठावर पेन्सिलीनं पातळीची खूण केली आणि शेजारी पाणी भरलेली वाटी ठेवली. "बाष्पीभवन वजा करायला," त्यांनी मिस्त्रीला समजावलं. त्या रात्री घरात भात होता.

अण्णा खालच्या बैठकीच्या खोलीत बॅटरी घेऊन छताकडे बघत बसले. छतावर कुठल्याशा जुन्या गळतीचा चहासारखा डाग होता. त्यांनी टेबलावर चढून त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली, खाली तारीख घातली आणि सही केली. ती सही आजही आहे. सूनबाई पाहुण्यांना तो नकाशा म्हणून दाखवते.

सकाळी बांधाचं पिठलं झालं होतं, पण फुटला नव्हता. पाणी रेघभर उतरलं होतं, वाटीतलंही तेवढंच. छतावरचा डाग पेन्सिलीच्या आत. अण्णांनी वहीत रेघा मारून मापपुस्तक तयार केलं होतं. त्यात मिस्त्रीची सही घेतली आणि फरशीला परवानगी दिली. काकू आता त्या न्हाणीत स्टुलावर बसून, शॉवर बंद ठेवून, बादली आणि मगानं आंघोळ करतात.

हॅरोत ही बातमी पसरायला मंडळाचा एक गणपती पुरला. साठ-सत्तरच्या दशकांत डॉक्टर होऊन आलेली माणसं आता गुडघ्यांवर आलेली आहेत, त्यामुळे टब काढण्याचा हंगामच आहे. परवा एका जुन्या डॉक्टरांकडे अण्णांना मुद्दाम बोलावलं होतं. न्हाणी तळमजल्यावर होती, मागे वाढवलेल्या नव्या खोलीत. अण्णांनी टाच आपटून पाहिली. खाली काँक्रीट.

"यात काय बघायचंय?" ते हिरमुसून म्हणाले. "हे तर कुणीही करील. वर लाकूड आहे ना तुमच्याकडे? वर का नाही करत?"

डॉक्टरीणबाई काठीवर भार देत म्हणाल्या, "अण्णा, मला जिना चढता येत नाही."

"मग आधी जिन्याचं बघू," असं म्हणून अण्णांनी टेप काढली.