आपल्या मापाचं दातकोरणं

सटाण्याच्या बाजारात डाळिंबाची आकारानुसार प्रतवारी होते, कांदा गोल्टी की मोठा हे नजरेनंच ठरतं. दातांच्या फटींना मात्र सरसकट एकच माप: काडेपेटीतली काडी! मटणाचा धागा अडकला की तिचं गुल मोडायचं, टोक चावून चपटं करायचं, दातकोरणं तयार. काडी नसेल तर सेफ्टी पिन आहेच, हिरडी गेली उडत. न्यू ऑर्लिन्सच्या लेव्ही पार्मली या दंतवैद्यानं १८१९ मध्येच रेशमी धागा सुचवला होता. आता तर फटीच्या रुंदीनुसार बारीक ब्रश मिळतात. कुठल्या फटीत कोणता, ते दंतवैद्य मापून सांगतो. पण त्यासाठी पैसे कोण घालवणार? दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आपण पिननं कोरले, की दंतवैद्याचं भरतं.