साहेबांची तसबीर

1955 साली अर्जेंटिनाच्या लष्कराने अध्यक्ष हुआन पेरॉन यांना हाकलले आणि पुढच्याच वर्षी फर्मान काढले: त्यांचे नाव घ्यायचे नाही, तसबीर लावायची नाही, पक्षाचे गाणे म्हणायचे नाही. मतदार कायद्याला धरूनच वागले. 1957 च्या निवडणुकीत त्यांनी चकार शब्द न काढता मतपत्रिका कोऱ्याच टाकल्या, आणि पहिला नंबर कोऱ्या मतांचा आला! इतका फुकटचा प्रचार पक्षालाही जमला नसता.

याला मी अंधभक्ती म्हटले, तर का म्हणता, असे कुणी विचारेल. बायकांना मताचा हक्क 1947 साली पेरॉन यांच्याच राजवटीत मिळाला. मान्य, उपकारांची जाण ठेवावीच. पण 1990 च्या दशकात पेरॉनवादी अध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी त्याच तसबिरीखाली सरकारी तेल कंपनी विकली आणि 2012 मध्ये पेरॉनवादीच अध्यक्ष क्रिस्तिना किर्चनेर यांनी त्याच तसबिरीखाली तिचे 51 टक्के शेअर परत ताब्यात घेतले. यातली निष्ठा नेमकी कशावर? 2003 साली तर अध्यक्षपदासाठी तीन पेरॉनवादी एकमेकांविरुद्ध उभे होते. साहेब हयात असते तर एखाद्याला तरी झापले असते, म्हणावे, तर तेही करून झाले होते. 1 मे 1974 ला, मृत्यूच्या दोन महिने आधी, त्यांनी आपल्याच डाव्या तरुणांची भर चौकात खरडपट्टी काढली. तरुण रागाने चौक सोडून गेले. पेरॉनवादी मात्र राहिलेच.