लोगो जरा मोठा करूया की

बेळगावात गणपत गल्लीतून खडेबाजाराकडे पाट्या वाचत निघालं, की दुकानाचं नाव तीन लिप्यांत दिसतं, वर कोपऱ्यात देव दिसतो, खाली मालकाचे दोन मोबाइल नंबर दिसतात आणि या सगळ्या गर्दीत अंग चोरून उभा असलेला एक लोगो दिसतो. तो कुणातरी डिझायनरनं केलेला असतो. पहिल्या दिवशी तो बराही असतो.

मग गिऱ्हाईक बोलू लागतं.

‘छान झालंय, फायनल करा’ या वाक्यापासून खऱ्या कामाला सुरुवात होते. दुसऱ्या दिवशी फोन येतो : ‘लोगो जरा मोठा करूया की.’ हेच गिऱ्हाईक कन्नड बोलणारं असेल तर ‘स्वल्प दोड्ड माड्री’ म्हणतं. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, पण या एका मागणीवर दोन्ही भाषकांची एकजूट आहे. तिसऱ्या दिवशी मालकाचा मेहुणा येतो. त्याला निळा रंग ‘थंड’ वाटतो. ज्योतिषाला इंग्रजी नावात एक जादा ‘ए’ हवा असतो. पुतणीनं पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स केलेला असल्यामुळे तिला अख्खी कल्पनाच जुनाट वाटते. शेवटी मालक म्हणतात, ‘ते पहिलंच बरं होतं बघा.’ आणि बिलातले पाचशे रुपये कमी करायला सांगतात, कारण पहिलंच तर वापरलं!

एवढ्यावर भागलं असतं तर पुण्या-मुंबईतल्या डिझायनरात आणि बेळगावातल्या डिझायनरात फरक काय राहिला? इथं टेबलापलीकडे आणखी एक गिऱ्हाईक बसलेलं असतं. ते पैसे देत नाही, पण त्याचं ऐकावंच लागतं. कर्नाटक सरकारनं 2024 साली कन्नड भाषा विकासाच्या कायद्यात दुरुस्ती करून पाटीचं मापच ठरवून दिलं : कन्नड 60 टक्के हवं आणि ते पाटीच्या वरच्या अर्ध्या भागात हवं. साठ टक्के ऐवज पन्नास टक्के जागेत कसा बसवायचा, हे गणित सोडवायला बेळगावचा डिझायनर मोकळा आहे. खालच्या भागात मराठी, इंग्रजी, लोगो, देव, दोन मोबाइल नंबर आणि ‘आमची कुठेही शाखा नाही’.

या दुरुस्तीसाठी आधी धाडलेल्या वटहुकुमावर राज्यपालांनी जानेवारी 2024 मध्ये सही केली नव्हती, तो परत पाठवला होता. म्हणजे आर्टवर्क तिथंही एकदा परत आलं.

मराठी वाचकानं यावर फार हसू नये. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला गेलं की नियम उलटा लागतो. महाराष्ट्रातल्या दुकानांना पाटीवर मराठी देवनागरीतच लिहावं लागतं आणि तिची अक्षरं दुसऱ्या कुठल्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मुंबईचे व्यापारी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयानं त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि वकिलांवर घालवायचा पैसा पाट्यांवर घाला, अशा अर्थाचं सुनावलं. निपाणीत आणि कागलात दोन्हीकडे शाखा असलेल्या दुकानदाराला एकाच लोगोच्या दोन पाट्या कराव्या लागतात. डिझायनर मात्र पैसे एकीचेच घेतो, असा त्या दुकानदाराचा समज असतो.

निपाणीची तऱ्हा आणखी न्यारी. हे तंबाखूचं आणि विडीचं गाव. विडीच्या लेबलावर मालकाचा किंवा मालकाच्या वडिलांचा फोटो छापायची जुनी चाल, त्यामुळे लेबल करणाऱ्याला मिशांचा आकडा नीट साधला की काम फत्ते. मग केंद्राचं आरोग्य खातं डिझाइनमध्ये उतरलं. 2009 साली तंबाखूच्या पाकिटाच्या पुढच्या बाजूचा 40 टक्के भाग धोक्याच्या चित्राला द्यावा लागला. 1 एप्रिल 2016 पासून पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचा 85 टक्के. डिसेंबर 2017 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं तो नियम रद्द ठरवला आणि लगेच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. 2018 सालीच त्या चित्रात व्यसन सोडवणारा फोन नंबरही आला. गिऱ्हाईक कुठलंही असो, शेवटी ‘फोन नंबर टाका’ म्हणतंच. मालकाचे वडील आता उरलेल्या 15 टक्क्यांत मिशांसकट बसतात. हे योग्यच झालं. तंबाखूनं माणसं मरतात आणि मिशा कितीही झोकदार असल्या तरी त्या आड येऊ नयेत.

सरकारी डिझाइनही निर्दोष नसतं. 2012 च्या सुरुवातीला पाकिटावरच्या एका धूसर माणसाचा चेहरा इंग्लंडचा फुटबॉलपटू जॉन टेरी याच्यासारखा दिसतो, असा बोभाटा झाला आणि तो थेट टेरीच्या माणसांपर्यंत पोचला. कुणाच्या मेहुण्यानं ते चित्र पास केलं, हे शेवटपर्यंत बाहेर आलं नाही.

तरीही डिझायनरला विचारलं तर तो सरकारला शंभरपैकी जादा गुण देईल. सरकार ‘जरा मोठं’ म्हणत नाही, 60 म्हणतं, 85 म्हणतं. लेखी म्हणतं, तारीख घालतं आणि एकदा छापल्यावर ‘वहिनींना आवडलं नाही’ असं सांगायला रात्री अकरा वाजता फोन करत नाही. मेहुण्याचे टक्के आजवर कुणी मोजलेले नाहीत.

बेळगावला आदर्श गिऱ्हाइकाचा वारसा नाही असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे. 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं दिसून आल्यावर त्यांनी चित्रकला सोडली, यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकवलं आणि 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. रंगाची आपली नजर कमी पडते, हे कळल्यावर रंगाचं काम सोडून देणारा उद्योजक याच गावानं पाहिला. आज किर्लोस्कर रोडवर ‘हा लाल नको, दुसरा लाल द्या’ असं ठासून सांगणारी मंडळी भेटतात.

परदेशातही नमुने आहेत. 1986 साली स्टीव्ह जॉब्जनं नेक्स्ट कंपनीच्या लोगोसाठी डिझायनर पॉल रँडला एक लाख डॉलर दिले. दोन-चार पर्याय दाखवाल का, असं विचारल्यावर रँडनं साफ नाही म्हटलं : एक उत्तर मिळेल, वापरा किंवा वापरू नका, पैसे मात्र द्यायचे. त्याच्या पंधरा वर्षं आधी कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं नायकेची खूण 35 डॉलरमध्ये केली. मालक फिल नाइट यांना ती फारशी आवडली नव्हती, तरी त्यांनी ती घेतली आणि ढवळाढवळ केली नाही. रँडचा तोरा खडेबाजारात चालणार नाही; तिथं एक पर्याय दाखवणाऱ्याला आळशी म्हणतात.

गिऱ्हाइकाचं सगळंच चुकतं असंही नाही. पाटी बसस्टँडवरून दिसते की नाही, संध्याकाळी समोरच्या दिव्यानं अक्षरं पुसली जातात का, हे दुकानदाराला डिझायनरपेक्षा जास्त कळतं. फक्त त्यानं ‘रात्री नाव वाचता येत नाही’ असं सांगावं. ‘पिवळं करा’ हा उपाय त्याचा नाही. डिझायनरनंही पहिल्या भेटीत रंगाच्या गप्पा न मारता पाटी कुठं लागणार, नाक्याच्या अलीकडे की पलीकडे, किती फुटांची आणि शेवटचा शब्द कुणाचा, एवढं कागदावर घ्यावं. साठ टक्क्यांचा हिशेब लोगो काढण्याआधी मांडावा, नंतर नव्हे.

आणि पुढच्या कोटेशनखाली बेळगाव-निपाणीच्या तमाम डिझायनर बंधुभगिनींनी चार ओळी छापून घ्याव्यात : होकार एकाच माणसाचा. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीपासून पैसे. नाव बदललं तर काम नवं. मेहुण्याच्या सूचनांचा दर वेगळा, आणि तो आगाऊ.