चार्टवरचा राजा

कापूस, केळी आणि सोनं यांचे भाव आधीच सांगणाऱ्यांची खान्देशात कधीच टंचाई नव्हती. त्यांत आता टेक्निकल अ‍ॅनालिसिसवाल्यांची भर पडली आहे. त्यांचं म्हणणं असं की कंपनी काय बनवते, नफा किती कमावते, कर्ज किती आहे, असल्या चौकशा म्हणजे वेळेचा अपव्यय. जे काही कळायचं ते भावात आलेलंच असतं. हिरव्या-लाल जपानी कॅण्डल पाहाव्यात, 50 आणि 200 दिवसांच्या सरासरीच्या रेषा ओढाव्यात, की बाजाराचा कल समजतो. निफ्टीपेक्षा जोरात धावणारा शेअर हेरला की उद्याचा ‘लीडर’ही हाती लागतो. एवढं सोपं असूनही जगात गरीब माणसं उरली आहेत, ती बहुधा रेषा ओढायच्या आळसामुळेच.

या शास्त्राची परीक्षा घ्यायला मुंबई गाठायची गरज नाही. गेल्या शतकातला एक मोठा लीडर आपल्याच अमळनेरात जन्मला. 29 डिसेंबर 1945 रोजी स्थापन झालेल्या ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या कंपनीचा धंदा वनस्पती तुपाचा. पुढे ‘787’ नावाचा कपड्यांचा साबणही आला. 1966 मध्ये संस्थापक वडील वारले आणि 21 वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परतले. संगणकाचा धंदा 1980 च्या आसपासचा. म्हणजे ज्यांनी सुरुवातीला शेअर घेतले, त्यांनी तूप विकत घेतलं होतं आणि पुढे त्यातून विप्रो निघाली. तुपाच्या भावात संगणक दाखवणारी कॅण्डल अजून कोणत्याही जपान्याला सापडलेली नाही. अमळनेरात जे कोट्यधीश झाले, ते शेअरची कागदं कपाटात ठेवून विसरले म्हणून झाले. रोजचा चार्ट समोर असता, तर पहिल्या मोठ्या उसळीलाच ‘ओव्हरबॉट’ म्हणून विकून मोकळे झाले असते.

यावर चार्टवाले म्हणतील की ही तर जिंकलेल्यांची कहाणी झाली; हरलेल्यांच्या कपाटाचं काय? आक्षेप रास्त आहे. त्याच अमळनेरातली प्रताप मिल बंद पडली, आणि देशभर कित्येक गिरण्यांची शेअरपत्रं कपाटातच पिवळी पडली. तेव्हा ‘घ्या आणि झोपा’ हाही सिद्धान्त ठरत नाही. पण मग हीच फूटपट्टी चार्टलाही लावू या. चार्ट शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिरातीतला जो विद्यार्थी महिन्यात पैसे दुप्पट करतो, त्याच्या बाकावर शेजारी बसलेले बाकीचे कुठे गेले? त्यांची मोजदाद सेबीनं केली आहे. सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात राहिल्या आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर गेला. आर्थिक वर्ष 2024 मध्ये या सौद्यांत उतरलेल्यांपैकी 72 टक्क्यांहून अधिक लोक पहिल्या 30 शहरांबाहेरचे, म्हणजे जळगाव-धुळ्यासारख्या गावांतले. सलग तोटा खाणाऱ्यांपैकीही तीन चतुर्थांशांहून अधिक जण खेळतच राहिले. आता हे सगळेच चार्ट पाहत होते असं नाही, हे मान्य. पण कॅण्डलमुळे पारडं फिरत असतं, तर इतक्या वर्गांनंतर त्या 93 च्या आकड्यात थोडी तरी घट दिसायला हवी होती. नफा गेला तो परदेशी संस्था आणि स्वतःच्या पैशानं व्यवहार करणाऱ्या मोठ्या दलालांकडे. त्यांच्या नफ्याचा 95 टक्क्यांहून जास्त वाटा संगणकानं आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. त्या संगणकानं ‘हॅमर’ आणि ‘डोजी’ असल्या कॅण्डल ओळखायला रविवारचा क्लास लावल्याचं ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कल ही निव्वळ भ्रमाची गोष्ट नाही. जेगदीश आणि टिटमन यांनी 1993 मध्ये दाखवून दिलं की गेल्या काही महिन्यांत वर गेलेले शेअर पुढचे काही महिनेही सरासरीनं सरस ठरतात. आपल्याकडे याच तत्त्वावर 2020 मध्ये ‘निफ्टी 200 मोमेंटम 30’ हा निर्देशांक आला. म्हणजे लीडर असतात आणि ओळखताही येतात. पण हा निर्देशांक ते कसे ओळखतो? 200 शेअरांतले 30 ठरलेल्या सूत्रानं निवडायचे, वर्षातून दोनदा यादी बदलायची आणि मधल्या काळात हात लावायचा नाही. या कामाला वर्षाकाठी दोन दिवस पुरतात. सकाळी सव्वानऊपासून मोबाइलवर पाच-पाच मिनिटांच्या कॅण्डल मोजणाऱ्याला हे संशोधन आधार देत नाही, उलट त्याला घरी पाठवतं.

तिसरा मुद्दा थेट जळगावचा. शिवारात जिकडे तिकडे जैन इरिगेशनचं ठिबक दिसतं, म्हणून शेअरही आपलाच, अशी माया अनेकांची. 2018 च्या सुरुवातीला शंभरीच्या वर असलेला तो शेअर 2019 मध्ये कंपनी कर्जफेडीत अडकल्यावर घसरत मार्च 2020 मध्ये पाच रुपयांच्याही खाली गेला. पुढे कंपनी सावरली, ते वेगळं. त्या उतरंडीवर चार्ट मात्र प्रामाणिकपणे ‘बाहेर पडा’ म्हणत होता. इथे चार्टला पैकीच्या पैकी गुण. स्टॉपलॉस हा त्याचा खरा उपयोग: आपल्याला काही कळत नाही हे कबूल करून वेळीच निघणं. अडचण एवढीच की हे शिकायला दहा मिनिटं लागतात आणि दहा मिनिटांच्या क्लासला पंचवीस हजार फी कोणी देत नाही. म्हणून महिन्याभराच्या क्लासचे उरलेले एकोणतीस दिवस लीडर शोधायला शिकवावं लागतं.

भाकिताचंच म्हणाल, तर शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, घटमांडणी होते. धान्याची रास, मातीची ढेकळं, पानविडा मांडून दुसऱ्या पहाटे पीकपाणी सांगतात. राजाची गादी टिकेल का, हेही सांगतात. शिकलेली मंडळी तिला हसतात. पण ते भाकीत वर्षातून एकदाच, सगळ्या गावासमोर आणि फुकट होतं. चुकलं तर दिवाळीपर्यंत चव्हाट्यावर येतं. चार्टवाल्याचं भाकीत मात्र ‘हा टप्पा तुटला तर खाली, टिकला तर वर’ असं. ते चुकायचं कसं? आखाजीला पत्ते कुटणारा खान्देशी माणूसही त्याला जुगारच म्हणतो आणि सण सरला की डाव आवरतो. निफ्टीची आखाजी दर आठवड्याच्या एक्सपायरीला येते आणि तिला अभ्यास म्हणतात.

तेव्हा सेबीनं नवे अहवाल काढण्यापेक्षा एक अट घालावी. प्रत्येक क्लासवाल्यानं आखाजीच्या दिवशी आपले पाच लीडर बाजार समितीच्या फळ्यावर सहीनिशी लिहावेत, पुढच्या आखाजीला त्याच फळ्यापाशी येऊन हिशेब द्यावा आणि फी त्यानंतरच घ्यावी. एवढ्या अटीवर जळगाव-धुळ्यात किती क्लास उरतील, हा कल मात्र कुठलीही रेषा न ओढता सांगता येतो.