फुरसं घरचं, चापडा आंबोलीचा

मालवणात आमच्या पडवीतल्या सोडणांच्या ढिगातून फुरसं निघालं, तेव्हा मी बाकड्यावर चढून अख्खी वाडी गोळा केली होती. तोच मी पावसाळ्यात गमबूट चढवून, पैसे मोजून आंबोलीच्या रानात साप शोधायला जातो. "घराकडे फुकट येता तेका मारूक काठी शोधतास, नि थय पैसे भरून बघूक जातास!" बायको म्हणते. तिला निसर्गप्रेम कळत नाही, असं मी मित्रांना सांगतो, तिला नाही.

मला चापडाच हवा असतो. विषारी, त्रिकोणी डोक्याचा, फोटोत भीतिदायक. कपाळावर बॅटरी बांधून मी झुडपं चाळतो आणि बरोबरचा वाटाड्या पोरगा छत्रीचं टोक नुसतं पुढे करतो. "तो परवापासना थयच आसा. बेडूक समोर येयसर हलाचो नाय." हिरवा चापडा, फांदीला शेपटीचा वेढा घालून बसलेला. माझ्या थरारक शोधमोहिमेची त्याला गंधवार्ता नव्हती.

खरा छळ झुडपी बेडकांचा. नखाएवढा जीव, पण घरात कुठेतरी वाजणाऱ्या मोबाइलसारखा सापडत नाही. डावीकडे उजेड टाकावा तर हा उजवीकडून टकटकतो. उजवीकडे वळावं तर गप्प. आपण श्वास रोखावा, चष्म्यावर धुकं धरावं, जळवांनी मोज्यात शिरावं, आणि त्याने थेट कानामागून ओरडावं. एकदा अर्धा तास मी एका पानाशी डोळे लावून उभा होतो. पोरगा म्हणाला, "सायबानू, तो दुसऱ्या झाडार आसा."

परतताना त्याने रस्त्यावरून काहीतरी अलगद उचलून कातळाच्या सड्याच्या कडेला ठेवलं. जेमतेम दीड इंचाचा खरखरीत भेक, कुशीवर पिवळे पट्टे. आंबोली टोड. संशोधक बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी 2009 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. सह्याद्रीचा एवढासा तुकडा सोडून हा जगात कुठे नाही. पहिल्या पावसात सड्यावरच्या वीतभर डबक्यांत याचा संसार. पुढे दोन डांबराला चिकटलेले होते. धबधब्याला आलेल्या गाड्या गाणी लावून घाट चढत होत्या. पोरगा वाकून वाकून रस्ता बघत चालला होता, आणि त्याचे पैसे त्याला कोणी देत नव्हतं.

घरी येऊन दोघांचे फोटो नेटवर टाकले. चापड्याच्या फोटोवर कौतुकाचा पाऊस पडला. टोडखाली एकाने लिहिलं, "हा तर आमच्या न्हाणीत असतो." मी तिडिकेने सडा, डबकी, 2009, सगळं लांबलचक लिहून काढलं. त्याने त्यावर अंगठा दाखवला.