अमूल्य अनुभव

परिचारिकांना रीतसर शिकवण्याची सुरुवात देशात पहिल्यांदा 1871 साली मद्रासच्या जनरल हॉस्पिटलात झाली. चेन्नईने ही परंपरा इतकी जपली आहे की, तिथे शिकणं संपतच नाही. चार वर्षं बी.एस्सी. नर्सिंग करून आलेली मुलगी नोकरीला लागली की मग खरं शिकते. नाइटला एकटीच, दोन सलाइनी संपत आलेल्या, कोपऱ्यातला मॉनिटर कोकलतोय, डॉक्टर फोन उचलत नाहीत. याला प्रशिक्षण म्हणतात. हे फुकट मिळत असताना वर पगाराचंही नाव काढायचं म्हणजे कृतघ्नपणाच.

सरकारही मागे नाही. 2015 मध्ये तामिळनाडूने हजारो नर्सेस परीक्षा घेऊन कंत्राटावर घेतल्या, महिना 7,700 रुपयांवर. नोव्हेंबर 2017 मध्ये त्या चेन्नईत धरणं धरून बसल्या. आंदोलनाचं प्रशिक्षणही झालं, विनाशुल्क!

नर्सेसच्या पगाराबद्दलच्या 2016च्या केंद्रीय समितीने मात्र रसभंग केला. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही महिना किमान 20,000 रुपये द्या म्हणे. सुदैवाने शिफारशीला खर्च येत नाही.

आमची नम्र सूचना अशी, की पगार बंद करून नर्सेसकडून फीच घ्यावी. आयसीयूची थोडी जास्त.

फक्त बिलाच्या खिडकीवर कुणी नातेवाइकाने ‘नर्सिंग चार्जेस’वर बोट ठेवून, “सिस्टर शिकाऊ होत्या ना, मग सूट?” असं विचारू नये. उत्तर तयार असतं :

“छे सार, पूर्ण क्वालिफाइड आहेत त्या.”