रूट बदलणारे काका

मशीन व्यवस्थित चालू असलं की सिडकोतल्या या काकांची भूक मरते. वाळूजच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला उभी हयात गेली. तिथे यंत्र अडलं की माणसं काकांना शोधत यायची. निवृत्तीनंतर कुणी शोधत येईना, तेव्हा काकांनी घरी लिनक्स टाकलं आणि आपली सोय आपणच केली.

डेबियनवर एक्स्ट-फोर फाइल सिस्टीम मुकाट्याने काम करत होती. 2008 पासून ती स्थिर म्हणून लिनक्समध्ये नांदते आहे. काकांच्या मते ती फारच 'सरळमार्गी', आणि हा त्यांचा शिवीचा शब्द. शिवाय फेडोराने 2020 मध्येच डेस्कटॉपला बीटीआरएफएस देऊन टाकली, हे त्यांना डाचत होतं. मग एका रात्री पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं आणि रूटवर बीटीआरएफएस-कन्व्हर्ट चालवलं. फायली जागच्या जागी राहतात, फक्त त्यांची मांडणी नव्या पद्धतीने नोंदली जाते. सारं बिनबोभाट पार पडलं. काका जरा हिरमुसलेच.

पण रीबूट केलं आणि काळ्या पडद्यावर आलं : 'अननोन फाइल सिस्टीम'. खाली 'ग्रब रेस्क्यू'. काकांनी चहा मागितला.

"काय करायलात हो रात्रभर?"

"बूट होईना."

"मग हसायलात कशाला?"

तेवढ्यात शेजारचे नाना आले. पाण्याचा दिवस होता, नळाची चौकशी करायला आले होते. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलंच. "हे बघा नाना, शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, पण रेल्वे स्टेशनवरची पाटी बदलायला 2025चा ऑक्टोबर उजाडला. तसंच हे! डिस्क बदलली, ग्रबच्या पाटीवर अजून जुनंच."

"ते बरोबर आहे. मोटर लावू का?"

खरं तर काय काय अडणार हे काकांना सुरुवातीपासून ठाऊक असतं. पेनड्राइव्हवरून पुन्हा शिरायचं, डिस्क माउंट करायची, सीएचरूट करून सगळं एकदम दुरुस्त करायचं. अर्ध्या तासाचं काम. पण काका एका वेळी एकच गाठ सोडवतात. आधी फक्त ग्रब नव्याने बसवला. मशीन चार पावलं पुढे जाऊन इनिट-रॅमएफएसच्या ओसरीत थांबलं, कारण तिथे बीटीआरएफएसचं मॉड्यूलच नव्हतं. ते हलकं राहावं म्हणून लागेल तेवढीच मॉड्यूल्स ठेवण्याचा हुकूम मागे काकांनीच दिला होता. ते नव्याने बांधलं. आता पाळी एफएसटॅबची. कन्व्हर्ट करताना रूटचा यूयूआयडी बदलला होता. तो आणि फाइल सिस्टीमचा प्रकार काकांनी दुरुस्त केला; पण त्याच ओळीतला 'एरर्स=रीमाउंट-आरओ' हा पर्याय एक्स्ट घराण्याचा, बीटीआरएफएस त्याला ओळख देत नाही. मशीन उठलं, पण रूटवर एक अक्षर लिहू देईना. हा प्रकार दुपारी जेवणाआधी सापडला तेव्हा काकांनी टाळी दिली. समोर नातू होता, त्याने ती भीतभीत घेतली.

जेवताना काकांनी नवीन शोध सांगितला. बीटीआरएफएससाठी एफएससीके नावाची आज्ञा आहे. ती काहीच करत नाही आणि ते यशस्वीपणे करते, असं तिच्या माहितीपानावरच नमूद आहे.

"पेन्शन पण मिळते का तिला?" काकूंनी विचारलं.

संध्याकाळी मशीन सुरळीत चालू. जुन्या एक्स्टची प्रतिमा अजून डिस्कवर होती. तिच्या आधारे परत मागे जाता येतं. ती पुसली की परतीची वाट बंद. शहाणा माणूस चार दिवस वाट बघतो. काकांनी चहा संपायच्या आत पुसली. आणि मग ते घरभर फिरू लागले. पंख्याचा आवाज ऐकला, मिक्सर उगीच लावून पाहिला.

भाचा आला होता, लॅपटॉप घेऊन. काकांनी चष्मा लावला. "काय रे, तुझं रूट कशावर आहे?"

"मामा, फक्त एक प्रिंट काढायची होती," असं म्हणत त्याने झाकण मिटलं.